शेवटचा पाव फेरा

आमच्या आबांना लोखंडाचं कौतुक नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण इतक्या वर्षांनी सांगतोय म्हणजे तक्रारच असणार. माझं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला आहे. कवठे येमाईत कुणाची मोटर जळली, पंपानं पाणी उचलायचं सोडलं, पेरणीयंत्राचा फण वाकला, की माणूस आधी माझ्याकडे येतो. दुकानाला खिडकी नाही, सगळा उजेड दारातून. त्यामुळे दारात गर्दी करणाऱ्याला मी दिवसभर एकच सांगत असतो, उजेड सोडा. लोक बाजूला होतात, पण जात नाहीत, कारण माझं काम बघण्यासारखं असतं. फक्त आबा, माझे सख्खे वडील, कधी आले नाहीत. जेवायला बोलवायचं असलं तरी रस्त्यावरून हाक मारायची आणि वळायचं.

बरं, आबांना बसायची सवय नाही असंही नाही. आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता मेंढरं थोडीच राहिली, शेत मी आणि माझी बायको स्वप्नाली बघतो. त्यांची प्लास्टिकची खुर्ची लिंबाखाली असते आणि ते तिच्यावर असतात. ती खुर्ची कधी हलेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावानं सायकल जोडायला काढली आणि खुर्ची हलली.

रुद्र दौंडला रेल्वेत आहे, तिकिटाच्या खिडकीवर. सायकल विकत मिळते हे त्याला ठाऊक असावं. पण त्याला ती सुट्या भागांतून स्वतः जोडायची होती. शर्यतीची, बारीक टायरांची, खाली वळलेल्या हँडलची. दौंडला त्याचा सायकलवाल्यांचा एक गट आहे. हे लोक रविवारी उठून पाटसपर्यंत जातात, चहा पितात आणि परत येतात. चहा दौंडातही मिळतो. या गटाला रुद्रनं सांगून ठेवलं होतं की दसऱ्याला मी माझ्या हातानं जोडलेल्या सायकलवर गावाहून शिरूरला येतो, तुम्ही तिथं भेटा, मग सगळे मिळून न्हावऱ्याच्या रस्त्यानं दौंडला जाऊ. माझ्या हातानं, हे शब्द त्यानं घरी सांगतानाही दोनदा वापरले. या घरात हातानं काम करणारा कोण आहे, हे मी कुणाला विचारलं नाही.

दौंडच्या खोलीत जागा नाही म्हणून जोडणी घरी करायची ठरली. मी आपला दुकानातला कोपरा साफ करून ठेवला. वस्तू आवळून धरायचा व्हाइस मोकळा केला, बल्ब बदलला. शनिवारी रुद्र सुट्टी काढून आला तो थेट ओसरीवर सतरंजी अंथरून बसला. दुकानात ये म्हटलं, तर म्हणाला, "दादा, तुझ्याकडं ऑइल आन् धूळ आसती. बेअरिंगला चालत न्हाई."

माझं ऑइल चालत नाही. अर्ध्या तालुक्याचं पाणी माझ्या बेअरिंगवर चालतं, पण या तिकीटवाल्याला माझी धूळ चालत नाही. मी दुकानात जाऊन एक चांगला चाललेला पंप उगाच उघडला.

भाग एकेक करून शिरूरला कुरिअरच्या ऑफिसात येत. वाइंडिंगची तार आणायला मला शिरूरला जावंच लागतं, त्यामुळे खोकी आणायचं काम माझ्याकडे आलं. खोकं मोटरसायकलला बांधायचं, खड्डे चुकवत आणायचं, रुद्रच्या हातात द्यायचं. उघडताना मला कुणी थांब म्हणायचं नाही. मीही थांबायचो नाही, पण हळू चालायचो. खुर्ची मात्र लिंबाखालून ओसरीवर आलेली असायची आणि आबा पुढं वाकून बसलेले असायचे. खोक्यातला फुग्यांचा प्लास्टिक कागदसुद्धा ते हातात घेऊन बघायचे. मी अख्खी जळालेली मोटर सोडवून नवी तार भरतो, वेटोळ्यावर वेटोळं, एक चुकलं तर सगळं उसकटायचं. ते बघायला हा माणूस कधी उठला नाही आणि इथं कागद बघत होता.

ज्या दिवशी हँडल निघालं तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. काळंभोर, मेंढ्याच्या शिंगांसारखं दोन्हीकडून वळलेलं. आबांनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की नातू झाला तेव्हाही तसा झाला नव्हता. इतकं हलकं कसं, म्हणून त्यांनी विचारलं. रुद्र सांगू लागला की हे लोखंड नाही, काळ्या धाग्यांचे थर एकावर एक देतात, डिंकात भिजवून भाजतात आणि मग असं घट्ट होतं. आबा म्हणाले, म्हणजे घोंगडीच की, लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात तशी. रुद्र हसला, म्हणाला, अगदी तसंच. दोघं हसत बसले. मी खांद्यावर मोटर घेऊन अंगणातून चाललो होतो, सगळं कानावर पडलं. मला वाटलं, म्हातारा लाडात आलाय, हँडलाची घोंगडी करतोय. पोरगा नोकरीवाला आहे, त्यानं लाकडाला सोनं म्हटलं तरी हसतील. मी मान वळवली नाही.

शिंगांचं सांगायचं तर माझ्याकडेही तसलं एक हँडल आहे. शाळेत असताना मला रेसर सायकलचं वेड होतं. सायकल काही मिळाली नाही, भंगारातून तिचं वळलेलं हँडल तेवढं मिळालं, लोखंडी. बाकीची सायकल जमवू म्हणून मी ते जपून ठेवलं. अजून दुकानात खिळ्यावर आहे, त्याला मी पंपाचे पट्टे अडकवतो. यातलं रुद्रला काही ठाऊक नाही, तो तेव्हा रांगत होता.

मग तो टॉर्कचा पाना आला. म्हणजे असं की बोल्ट किती आवळायचा ते त्या पान्यावर आकड्यानं लावायचं, तेवढा आवळला की पाना टक् करतो आणि माणसानं थांबायचं. आबांना तो आवाज फार आवडला. रुद्र आवळायचा, टक् व्हायचं, आबा मान डोलवायचे. बोल्ट किती आवळायचा हे पान्यानं सांगावं लागतं, तो माणूस बोल्टला हात कशाला लावतो? माझ्या हाताला कळतं. माझ्या दुकानातून यंत्र बाहेर पडायच्या आधी मी दोन गोष्टी करतो. प्रत्येक बोल्टला शेवटचा पाव फेरा देतो, आणि त्या बोल्टवर लाल रंगाची बारीक रेघ ओढतो. रेघ सरकली की लांबून कळतं, बोल्ट ढिला झालाय. माझी रेघ सरकलेली मी अजून पाहिली नाही. पण पाव फेऱ्याला आवाज नसतो, त्यामुळे त्याला मान डोलवणारंही कुणी नसतं.

एकदा रुद्र दुकानात आला. मी हातातलं काम ठेवून उभा राहिलो. त्याला पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची दांडी कापायची होती, जास्त कापली तर चिमटा वाया. मला वाटलं, आता आला. तो म्हणाला, दादा, हॅक्सॉ दे. मी दिला. तो घेऊन गेला. त्याला करवत पाहिजे होती, हात नको होता. ओसरीवर आबांनी दांडी धरली आणि रुद्रनं कापली. सरळ कापली. मी नंतर गुपचूप जाऊन बोट फिरवून पाहिलं.

डावं पेडल उलट आट्याचं असतं. हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं. रुद्र एक दुपारभर ते उजवीकडं फिरवून बसवत होता आणि मी दुकानाच्या दारातून बघत होतो. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. मी हाकेची वाट बघितली. त्यानं फोन काढला, कुठल्यातरी परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला आणि पेडल उलटं फिरवून बसवलं. त्या दिवशी मी रात्रीचं जेवण अर्धवट ठेवून उठलो. स्वप्नाली आत येऊन म्हणाली, "पोटात दुखतंय व्हय? ओवा देऊ का?" बायकोला सगळं कळतं आणि वर ती ओवा विचारते.

नवमीच्या आदल्या दिवशी शेजारचे म्हाळूमामा पंपाचा फूटव्हॉल्व्ह दुरुस्तीला घेऊन आले होते. समोर ओसरीवर सायकल उभी, सगळी जोडून झालेली. मामा म्हणाले, पोरानं नाव काढलं. मी म्हणालो, "आपल्या रस्त्याला टिकंल व्हय ते? पहिल्याच खड्ड्यात शिंगं मोडत्याल, बघा तुम्ही." मामा हसले. मीही हसलो. मला मनापासून तसं व्हायला हवं होतं, हे कबूल करायला आता काही हरकत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे दुकानात पूजा असते. मधोमध आबांची लोकर कातरायची कातर, तिच्या मागं माझी सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडलेली. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, रंगाचा डबा उघडायचा नाही. मी झेंडूची फुलं लावत होतो आणि रुद्र सायकल ढकलत दारात आला.

"दादा, हिलाबी पूजेत घे."

इतक्या दिवसांत ती माझ्या दुकानात पहिल्यांदा आली. मी जागा केली. व्हाइसच्या शेजारी, माझ्या मोठ्या पान्याच्या बाजूला उभी केली. आणि मग मी ती पहिल्यांदा नीट बघितली, वाकून, चाकाला फिरवून. काम चांगलं होतं. एक तार कुठं घासत नव्हती, साखळी आवाज न करता पळत होती. तिकीट फाडणाऱ्या पोरानं हे केलं होतं. पोटात जे दुखत होतं ते त्या क्षणी सगळ्यात जास्त दुखलं आणि मग, का कुणास ठाऊक, थांबलं. माझा भाऊ होता तो. उद्या तो या सायकलवर दौंडला जाणार होता, वाटेत ट्रक, ऊस, खड्डे, आणि तिचा एकेक बोल्ट टक् म्हटल्यावर सोडून दिलेला होता.

आरती झाली, सगळे घरी नैवेद्याला गेले. मी मागं थांबलो. माझ्या दुकानातून यंत्र बाहेर जाणार तर ते माझ्या हाताखालून जाणार. त्या दिवशी हात लावू नये, पण एल-पाने पूजेत मांडलेलेच होते, देवाची क्षमा मागून त्यातला एक उचलला. सीटच्या बोल्टला पाव फेरा. हँडल धरणाऱ्या चार बोल्टांना एकेक पाव फेरा. चौथ्याला बारीक करकर ऐकू आली. नवा माल बसताना आवाज करतो, असं मला वाटलं. रंग उघडायचा नव्हता, म्हणून ताटातल्या कुंकवात बोट बुडवून प्रत्येक बोल्टवर ठिपका ठेवला. टक् करणाऱ्या पान्यावरचा राग त्यात मुळीच नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्या सगळ्या दिवसांत मी चांगल्या मनानं केलेली ती एकच गोष्ट होती.

दसऱ्याला सकाळी आईनं रुद्रला ओवाळलं. टोप घालून, हातमोजे चढवून तो निघाला. आमच्या घरापासून रस्ता ओढ्याकडे उतरतो, खाली मोरीजवळ डांबर उखडलंय. मी दुकानाच्या दारात उभा होतो. सायकल अशी गेली की आवाजच नाही. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून बघत होते. मोरीजवळ त्यानं ब्रेक मारला, पुढचं चाक खड्ड्यात गेलं, आणि रुद्र सायकलीसकट कडेच्या शेतात, गिताबाईच्या मक्यात दिसेनासा झाला.

मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. एक क्षण, पण बरं वाटलं. मग मागून दुधाचा टेम्पो आला आणि जिथून रुद्र गेला होता तिथंच करकचून थांबला. पोरगं डावीकडं पडलं म्हणून मक्यात पडलं, उजवीकडं पडलं असतं तर टेम्पोखाली होतं. मी पळत सुटलो, चपला मागं राहिल्या.

कोपर सोलटलं होतं, हनुवटी फुटली होती, बाकी ठीक होता. हँडलाचं एक शिंग मुळापासून तुटून ब्रेकच्या तारेला लोंबकळत होतं. रुद्र ते हातात धरून उभा होता. लागलं का विचारलं तर नाही म्हणून मान हलवली. त्यानं फोन काढून गटाला सांगितलं, माझी वाट बघू नका. त्याचा आवाज फार लहान झाला होता.

घरी आईनं हनुवटीला हळद लावली. गिताबाईचा मका बघायला आलेले म्हाळूमामाही मागं आले. रुद्र ओसरीवर बसून तुटलेली जागा बघू लागला. तुटका तुकडा अगदी तिथं चेंगरला होता जिथं चार बोल्ट त्याला धरतात. त्यानं टॉर्कचा पाना लावून पाहिला, बोल्ट त्याच्या आकड्यापेक्षा जास्त आवळलेले निघाले, मग तो बोल्टांवर वाकला आणि थांबला.

"दादा, ह्ये बोल्ट कुणी आवळलं?"

कुणी काही बोलायच्या आधी मामा म्हणाले, "परवाच भिमा म्हणला हुता, पहिल्याच खड्ड्यात शिंगं मोडत्याल." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना फक्त आठवलं. पण स्वप्नाली पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती चौकटीतच थांबली. आबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत ते माझ्याकडे असे नीट पहिल्यांदा बघत होते.

"भिमा, तू केलंस?"

माझ्यापुढं दोन उत्तरं होती. एक म्हणजे केलं, जळून केलं, भावाचं मोडावं म्हणून केलं. दुसरं म्हणजे मला कळलं नाही. पाव फेऱ्यानं हँडल चिरडतं हे मला कळलं नाही. अर्धा तालुका ज्याच्या हातावर विश्वास ठेवतो त्या भिमाला एक बोल्ट कळला नाही, आणि ज्याच्या हातात पहिल्यांदाच पाना आला त्या पोराला कळला. पहिलं उत्तर दिलं तर मी वाईट माणूस. दुसरं दिलं तर मी कोण राहिलो? वाईट माणसाकडेही लोक मोटर दुरुस्तीला येतात.

"व्हय," मी म्हणालो. "मुद्दाम केलं."

रुद्रनं पाना खाली ठेवला, इतका हळू की आवाजही आला नाही. तो रडला असता किंवा मारायला उठला असता तर बरं झालं असतं. स्वप्नाली म्हणाली, "आवं, काय बोलताय," पण मी तिच्याकडे बघितलं नाही. सायकल चांगली झाली म्हणून मी जळलो होतो, ती मोडावी असं वाटलं होतं, हे खरंच होतं, मग मुद्दाम केलं म्हणायला काय हरकत, असं मी मनाशी म्हणत होतो.

आबा खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात देऊन सायकलीशी वाकले, चष्मा वर केला, एकेका बोल्टावरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. मग सीटच्या बोल्टाकडे गेले, तिथंही बघितलं.

"ह्ये कुकू तू लावलंस?"

मी कुंकवाचं बोट मुठीत मिटलं.

"तुझ्या दुकानातनं जाणाऱ्या यंत्राला लाल खूण आसती. म्यां रस्त्यानं जाताना बघतू की," आबा म्हणाले. "मोडायचं आसतं तर खूण कशाला केली आसतीस? चोर काय सही करून जातू व्हय?" आणि मग सरळ होऊन, माझ्याकडे न बघता, "तुला ठाऊक न्हवतं."

ते विचारत नव्हते, सांगत होते. आता तेवढंच राहिलं होतं आणि ते माझ्या तोंडून निघणं भाग होतं. दुकान टाकल्यापासून हे वाक्य मी कुणापुढं म्हटलं नव्हतं.

"न्हवतं ठाऊक," मी म्हणालो. "मला वाटलं रंगवलेलं लोखंड आसंल. न्हाईतर ॲल्युमिनियम."

"आरं, तुझ्या म्होरंच सांगितलं हुतं ह्यानं. सूत हाय, घोंगडीवानी. म्यांबी म्हणलं."

"ऐकलं, पण खरं मानलं न्हाई म्यां. तुम्ही दोघं हसत हुता." आणि मग जे इतके दिवस आत होतं ते बाहेर आलं, म्हाळूमामांसमोर, बायकोसमोर. "ह्याच्यापाशी खुर्ची टाकून बसलात. कागदसुद्धा बघितलात. माझ्याकडं कवा बसलात का? एक मोटर भरताना बघितली का?"

मोठा बाप्या असं बोलल्यावर ऐकणाऱ्यानं कुठं बघावं हे कुणाला कळत नाही. मामा मका बघून येतो म्हणून उठले. आबांनी खुर्चीचा हात धरला.

"आलो हुतो की," ते म्हणाले. "दुकान टाकलंस तवा. दारात बसलो हुतो. तू म्हणलास, आबा, उजेड सोडा." आणि म्हणाले, "बरूबर हुतं तुझं. माझ्यामुळं आंधार पडत हुता. म्यां म्हणलं, पोराच्या कामात आपुन मधी नगं."

मला आठवत नाही. आजही आठवत नाही. पण मी म्हणालो असणार, कारण दिवसभर मी तेच म्हणतो. बाकीचे बाजूला सरकून तिथंच थांबत आले आणि हा एक माणूस घरी गेला.

मी उठून दुकानात गेलो. दुसरं काय करणार? पूजा तशीच होती, झेंडू सुकायला लागला होता. खिळ्यावरचे पट्टे काढले आणि जुनं लोखंडी हँडल खाली घेतलं. गंज होता, पण वाकलेलं नव्हतं. रुद्र मागून आला होता हे मला त्याच्या सावलीवरून कळलं. त्यानं हँडल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, हे कुठलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझ्या सायकलचं. कुठली सायकल, हे त्यानं विचारलं नाही. मधला भाग बारीक आहे, आपल्या पकडीत हलेल, एवढंच म्हणाला. मी म्हणालो, मधे पत्र्याची पट्टी गुंडाळून भरून काढतो. आज दौंड होणार नाही, पण उद्या होईल.

"दसऱ्याला काम करायचं व्हय?" त्यानं विचारलं.

"काल हात लावू नये तवा लावला, त्येचं काय झालं ते बघितलंस की. आज ते निस्तरू."

तो हसला आणि हनुवटी दुखली म्हणून लगेच थांबला. रागावलेला होता, अजून आहे थोडा. शिंग त्याला परत मागवावं लागणार आणि गटातले लोक महिनाभर विचारणार. पण त्यानं टॉर्कचा पाना आणून माझ्या व्हाइसवर ठेवला. कितीवर लावायचा ते सांगितलं. "टक् झालं की थांब, दादा. जीव गेला तरी थांब."

मी ॲल्युमिनियमचा पत्रा काढला, पट्टी आखली, कातरली, हँडलाभोवती गुंडाळून बसते का बघितली. जाड झाली. पुन्हा कानस घेतली. डोळे बारीक करून घासत होतो, तेवढ्यात पट्टीवर अंधार आला आणि तोंडात आपोआप शब्द आले, रोजचे. मी मान वर केली. आबा दारात उभे होते. एका हातानं खुर्ची ओढत आणली होती आणि ती टाकावी की नको, याचा विचार करत होते.

"उजेड अडतोय का रं?" त्यांनी विचारलं.

पट्टीवरची रेघ मला अजिबात दिसत नव्हती.

"न्हाई," मी म्हणालो. "बसा."